चार ताटं आणि सराट्याचा पुरावा

मागच्या वर्षी आमच्या घरात चार माणसांवर एक शास्त्रीय प्रयोग झाला आणि त्यातून एकच गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली: आपण शाळेत विज्ञान शिकवतो हे घरात फार बोलून दाखवू नये.

मी कामरगावला राहतो. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, भाजीपाल्याची शेती करतो. घरामागेच वाडी आहे, वांगी, मेथी, पालक आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर, इडलीशी त्याचा संबंध नाही). दादाची मुलगी पल्लवी पोलीस भरतीची तयारी करत होती. आधीच्या भरतीत ती पळण्यात सगळ्यांच्या पुढे होती, पण गोळा रेषेच्या दीड हात अलीकडे पडला आणि यादीत नाव आलं नाही. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची होती. घरात कुणी हे मोठ्यानं बोलत नसे, पण पल्लवी गोळा घेऊन वाडीकडे निघाली की वहिनींचं पोळपाटावर लक्ष नसायचं.

आणि अशात एके दिवशी घरात तो डबा आला!

काळा डबा, त्यावर डरकाळी फोडणारा बैल (बैल डरकाळी फोडत नाही, हे चित्रकाराला कुणी सांगितलं नसावं) आणि बैलाशेजारी एक दंड. नुसता दंड. माणूस नाहीच. पल्लवीच्या मागच्या भरतीतल्या कुठल्याशा मैत्रिणीनं तिला तो घ्यायला लावला होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शुद्ध गोखरू. स्नायूंच्या बळासाठी. शास्त्रीय पुराव्यानिशी सिद्ध.'

दादानं डबा हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"गोखरू म्हंजे काय रे मन्या?"

"सराटा, दादा."

"कोनता सराटा?"

"आपल्या धुऱ्यावरचा, बांधावरचा. काट्याचा."

दादा खाटेवर बसला. "अबे, चाळीस वर्सं झाले, मी थो सराटा उपटून फेकून राह्यलो! सायकल पंक्चर, गाडी पंक्चर, पाय पंक्चर! अन् लोकं थे डब्यात भरून खाऊन राह्यले?"

"बाबा, त्याच्यात पावर असते," पल्लवी म्हणाली.

"पावर असती तं धुरा नसता का पयलवान झाला?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण 'शास्त्रीय पुरावा' हे शब्द वाचून माझ्यातला शिक्षक उठून उभा राहिला. मी विचारलं, "पुरावा कुठं हाये पल्लवी?"

"डब्यावर लेहेल हाये नं काका!"

"डब्यावर लेहेलं म्हंजे पुरावा नाई होत. बैल बी काढला हाये, म्हून आत बैल हाये का?"

माझी काळजी वेगळीच होती. डबा अजून उघडलाही नव्हता, पण तो आल्यापासून पोरगी सराव दिवसाआड करू लागली होती. 'आराम केला तरच ताकद भरते' असं तिच्या डोक्यात बसलं होतं. मी अख्खा रविवार मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो. एका ठिकाणी लिहिलेलं, गोखरूनं बळ वाढतं. दुसऱ्या ठिकाणी, असा काही ठोस पुरावा सापडत नाही. तिसऱ्या ठिकाणी उंदरांना दिलं होतं आणि उंदरांची तब्येत छान झाली होती. पण उंदरांना भरतीला बसायचं नव्हतं. चौथ्या ठिकाणी सगळं वाचून झाल्यावर खाली 'आजच मागवा' असं आलं. संध्याकाळपर्यंत मला एवढंच कळलं होतं की मोबाइल तापलाय.

तेव्हा मी जाहीर केलं, "आपन सोता प्रयोग करू!"

पल्लवीशी करार झाला. पंचेचाळीस दिवस प्रयोग. गोखरूनं फरक पडतो असं दिसलं तर पुढचे सगळे डबे मी आणणार. नाही दिसलं तर डबा बंद आणि भरतीपर्यंत नुसता सराव. मात्र तोवर रोज संध्याकाळी गोळा फेकून मोजायचा, त्यात सुट्टी नाही. पल्लवीनं मान डोलावली.

प्रयोगाला माणसं हवी होती. पल्लवी झाली, मी झालो, दादाला ओढलं आणि चौथे आपणहून आले ते शेजारचे नामदेवराव. नामदेवराव निवृत्त एसटी कंडक्टर. बायको लेकीकडे गेल्यामुळे ते दोन महिने रात्रीचं जेवण आमच्याकडेच घेत होते, त्यामुळे त्यांना विचारायची गरजच पडली नाही.

मी सगळ्यांना ओसरीत बसवून समजावलं. दोन बरण्या. एक लाल झाकणाची, एक निळ्या झाकणाची. एकीत खरा गोखरू, दुसरीत नकली, म्हणजे फुटाण्याचं पीठ आणि चव कडू यावी म्हणून चिमूटभर कडूजिरं. दोघांना रोज लाल, दोघांना रोज निळी. कुठली खरी हे खाणाऱ्याला माहीत नाही, वाढणाऱ्याला माहीत नाही, मोजणाऱ्यालाही माहीत नाही!

"मंग माहीत कोनाले?" नामदेवरावांनी विचारलं.

"कोनालेच नाई!"

"अन् याले शास्त्र म्हंतात?"

दादाला मात्र पटकन कळलं. "म्हंजे एका पट्ट्याले खत द्याचं अन् बाजूच्या पट्ट्याले नाई. मंग दोन्ही पट्टे पाह्याचे. तसंच नं?"

"बरोबर दादा!"

"मंग तू लाल हो का निळा, पट्टा म्हून काही कामाचा नाईस. तुझ्या जमिनीतच दम नाई."

बरण्या भरण्याचं काम माझ्या बायकोकडे, रेखाकडे दिलं, कारण ती प्रयोगात नव्हती. तिनं कुठली बरणी खरी ते चिठ्ठीवर लिहून, पाकीट चिकटवून देवघरात ठेवलं. वाढण्याचं काम वहिनींकडे, कारण आमच्या घरात जेवण वाढण्याचं काम वहिनींशिवाय कुणी करू शकत नाही (प्रयत्न झाले आहेत). दादा आणि मी लाल, पल्लवी आणि नामदेवराव निळे, अशा चिठ्ठ्या निघाल्या. रोज रात्री पंगत बसायची, भाजी-भाकर वाढून झाली की वहिनी बरण्या आणायच्या आणि प्रत्येकाच्या ताटात एकेक चमचा पडायचा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. एवढा काटेकोर प्रयोग आमच्या तालुक्यात कुणी केला नसेल!

रोज संध्याकाळी पाच वाजता आम्ही वांग्यांच्या पलीकडच्या पडीक तुकड्यात जमायचो. प्रत्येकानं दहा-दहा वेळा गोळा फेकायचा. ज्याचा गोळा जिथं पडेल तिथं मी जाऊन त्याच्या नावाची तुऱ्हाटी (तुरीची वाळकी काडी) खोचायची आणि वहीत हात लिहायचे, अशी पद्धत. पहिल्या दिवशी नामदेवरावांचा गोळा त्यांच्या स्वतःच्या चपलेवर पडला. ते म्हणाले, "गोखरू अजून पोचला नाई."

चौथ्या दिवसापासून लक्षणं सुरू झाली. नामदेवरावांच्या अंगात 'गरमी भरून' राहिली. दादाच्या पोटात काटे टोचू लागले. "सराटा हाये तो! अंदर जाऊन बी सोडत नाई!" मलाही आरशात डावा दंड उजव्यापेक्षा मोठा दिसू लागला. (नंतर कळलं, आरसा वाकडा आहे.) मी सगळं वहीत लिहीत होतो, पण लिहिता लिहिता माझा घोळ होऊ लागला. काटे टोचतात दादाला, म्हणजे लाल खरी. पण गरमी भरते नामदेवरावांना, म्हणजे निळी खरी!

दुसऱ्या आठवड्यात तुऱ्हाट्या पुढे सरकू लागल्या. दादाची सरकली. मला बरं वाटलं, लाल! मग पल्लवीची सरकली, वीतभर. निळी? मग नामदेवरावांची सरकली, तीही चांगली हातभर. मी रात्री दोन्ही बरण्यांचा वास घेऊन पाहिला. सारखाच. चव घेऊन पाहिली. सारखीच. आपण नकली पदार्थ किती हुबेहूब बनवलाय, याचं मला केवढं कौतुक वाटलं!

फक्त एका माणसाची तुऱ्हाटी पहिल्या दिवशी होती तिथंच उभी होती. त्या माणसाचं नाव मी वहीत लिहायचं टाळत होतो.

तिसऱ्या आठवड्यात नामदेवरावांना जोर चढला. "मास्तर, आज पाहाच!" म्हणत त्यांनी गोल गिरकी घेतली आणि गोळा समोर न जाता उजवीकडे सुटला, थेट वांग्यांत! ठिबकची नळी फुटली. पाण्याचं कारंजं उडालं. दादा नळीवर हात ठेवून ओरडला, "कंडक्टर! वांगे माझे मेले नं!" आणि नामदेवराव त्या कारंज्यात उभे राहून विचारत होते, "मास्तर, हे किती हात धरता?"

मी धरले. सरळ रेषेत नसले तरी अंतर होतंच. मात्र त्यामुळे निळा गट लाल गटाच्या पुढे गेला आणि माझी वही अधिकच अगम्य झाली.

एव्हाना गावात बातमी पसरली होती. दादाच्या धुऱ्यावर पोरं सराटे वेचायला येऊ लागली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दादाचा धुरा फुकटात साफ झाला. दादा खाटेवर बसून म्हणायचा, "घ्या बाप्पा, घ्या, मुळासकट घ्या. मुळात जास्त पावर असते."

पंचेचाळिसावा दिवस भरतीच्या दोन दिवस आधी येत होता. हे मीच ठरवलेलं, आणि यापेक्षा मोठा गाढवपणा मी आयुष्यात केलेला नाही. पाकीट उघडायला मी अंगणात पाच-सहा शेजारी बोलावले. वही उघडून भाषण केलं. पुरावा म्हणजे काय, अनुमान म्हणजे काय, ऐकीव गोष्टींवर विश्वास का ठेवू नये. मग पाकीट फाडलं आणि वाचलं: "लाल झाकण खरं. निळं झाकण नकली."

मी वहीत पाहिलं. लाल गटात दादा दोन हात पुढे, मी जिथल्या तिथं. निळ्या गटात पल्लवी दोन हात पुढे आणि नामदेवराव (वांग्यांसह) चार हात पुढे. म्हणजे फुटाण्याचं पीठ गोखरूपेक्षा भारी! मी हे अनुमान मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं आणि पल्लवीकडे माझी नजर गेली.

तिचा चेहरा पार उतरला होता.

"काका, म्हंजे म्या दीड महिना फुटाने खाल्ले?"

"अवं पन तुझा गोळा तं पुढं गेला नं! हेच तं सिद्ध..."

"थो असाच गेला असन. परवा नाई जानार." ती पायरीवर बसली. "बाकीच्या पोरी खरं खाऊन येतीन. अन् मी? माझ्यात काहीच नाई. मले मांगच्या बारीसारखंच होनार."

मी तिला आकडे दाखवले. वही तिच्या हातात दिली. दोन हात पुढे, पोरी, दोन हात! आधी दीडच हात कमी पडला होता! पण तिनं वहीकडे पाहिलंच नाही. दीड महिना मी जो पुरावा गोळा केला होता, तो एका शब्दानं उलटा झाला होता. पोरीची शेवटची संधी, आणि तिचा धीर मी भरचौकात, टाळ्यांसाठी थांबत, काढून घेतला होता.

तेवढ्यात वहिनी पदर खोचून पुढे आल्या.

"उठ पल्लवी. तू खरं खाल्लं."

"आई, उगाच नको सांगू. चिठ्ठीत लेहेलं हाये."

"चिठ्ठी गेली खड्ड्यात! म्या पह्यल्याच दिवशी दोन्ही बरण्या परातीत वतल्या, हातानं कालवल्या अन् परत भरल्या. सगळ्यायनं खरं बी खाल्लं अन् नकली बी खाल्लं."

मी विचारलं, "वहिनी... काहून?"

"काहून म्हंजे? भाऊजी, तुमी शिकलेले मानसं हा का?" वहिनींचा आवाज चढला. "एका पंगतीत चार ताटं. दोघायले खरं वाढा अन् दोघायले खोटं वाढा! पंक्तिप्रपंच नाई का झाला थो? तीस वर्सं झाले या घरात वाढून राह्यली मी. तुपाचा थेंब इकडं कमी अन् तिकडं जास्त केला नाई. अन् त्यात हे नामदेवराव, दुसऱ्याच्या घरचं मानूस, आपल्या भरोशावर जेवाले बसलेले. त्यायच्या ताटात खोटं वाढू? वरती जाऊन काय तोंड दाखवू?"

नामदेवरावांचे डोळे पाणावले. "वयनी," ते म्हणाले, "चाळीस वर्सं धाब्यावर जेवलो. असं कोनी बोललं नाई."

अंगणातले सगळे शेजारी वहिनींच्या बाजूनं झाले. एकजण तर मला म्हणाला, "मास्तर, तुमी असं कराले नव्हतं पायजे." मी दोन्ही हातांत फाटकं पाकीट धरून उभा होतो. लाल गट नाही, निळा गट नाही, एकच पंगत! मात्र पल्लवी उठून उभी राहिली होती. तिनं डोळे पुसले आणि आईला विचारलं, "खरंच कालवलं?"

"तुझी शपथ."

पल्लवी गोळा घेऊन वाडीकडे गेली. मी सुटकेचा श्वास सोडला. प्रयोग मेला तर मेला, पोरगी जगली.

सगळे पांगल्यावर रेखा मला मागच्या नळाजवळ घेऊन गेली.

"एक सांगू का? रागावान नाई नं?"

"आता काय राह्यलं रागवाले?"

"वहिनीनं कालवलं थे खरं हाये. पन फुटान्यातच फुटाने कालवले."

मी नळाला धरून उभा राहिलो.

"तुमी नामदेवरावले इचारलं का, त्यायले बीपीची गोळी चालू हाये? नाई इचारलं. दादाले मुतखडा झाला होता, थे आठोलं का? नाई आठोलं. अन् तुमी निघाले चमच्यानं पावडर चाराले! कोनाले काही झालं असतं तं? म्या दोन्ही बरन्यांत पीठच भरलं. डबा माळ्यावर हाये. झाकन बी नाई उघडलं."

"मंग चिठ्ठीत लाल खरं असं काहून लेहेलं?"

"तुमी चिठ्ठी मांगतली होती. म्या देल्ली."

तिचं बरोबर होतं. कुणाला कुठलं औषध चालू आहे हे आधी विचारायचं असतं, हे मी दरवर्षी नववीला शिकवतो. पण त्या घडीला मला वेगळाच प्रश्न पडला होता. पल्लवीला हे सांगायचं की नाही? आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो, की पुरावा समोर आला की तो कबूल करायचा, मग तो कितीही नावडता असो. पुरावा समोर होता. माळ्यावर, झाकणासकट.

तेवढ्यात पल्लवी धावत आली, मातीनं माखलेली. "काका! आज तं आनखी वीतभर पुढं गेला! खरंच त्याच्यात पावर हाये नं?"

मी रेखाकडे पाहिलं. रेखानं नळाकडे पाहिलं.

"हाव," मी म्हणालो. "शास्त्रीय पुरावाच हाये."

वाशीमच्या मैदानावर पल्लवीचा गोळा रेषेच्या पलीकडे पडला. मी कुंपणाबाहेर उभा होतो आणि इतका ओरडलो की शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमची पोरगी का?" मी म्हणालो, "हाव." आता खोटं बोलायची सवय झाली होती, आणि तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतंही. पुढे लेखी झाली, यादी लागली, नाव आलं. वहिनींनी सगळ्या गल्लीला जेवण दिलं. सगळ्यांच्या ताटात सारखंच वाढलं.

मग मला खोटं पचेना. पल्लवी ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी मी तिला गाठून सगळं सांगून टाकलं. फुटाणे, कडूजिरं, माळ्यावरचा डबा. ती रागावेल, रडेल, मला बोलेल, या सगळ्याची मी तयारी ठेवली होती.

ती हसायला लागली.

"काका, मी सराव करत होती तवा एकटी होती. गोळा फेकला की आपनच जा, आपनच उचला, आपनच या. दहा गोळ्यायतच जीव जाये. म्हून तं दिवसाआड करत होती. मंग तुमी वही घेऊन थ्या टोकाले उभे राह्यले. मी फेकला की तुमी गोळा आनून देत होते. दहा मोजून झाले तरी तुमी थ्याच टोकाले उभे, म्हून मी रोज चाळीस-चाळीस फेकले. अन् बाबा अन् नामदेव काका हासवत होते थे वेगळंच."

मी मनात हिशेब केला. पंचेचाळीस दिवस, रोज चाळीस वेळा, चार किलोचा गोळा. मी त्याला निरीक्षण समजत होतो.

आता तिचं पाहून गावातल्या आणखी दोन पोरी भरतीचा सराव करतात. परवा त्यांनी मला मोठ्या आदरानं वाडीत बोलावलं. मी नवी वही घेतली, तिच्यावर तारीख घातली, रकाने आखले आणि शर्टाच्या खिशाला पेन लावून गेलो.

"वही राहू द्या सर," त्यातली एक म्हणाली. "तुमी तिकडं उभे राहा."

मी तिकडे जाऊन उभा राहिलो.